पहिलंच पुस्तक आहे, कथा-कविता नाही, गोदेच्या पुरांवर आहे. प्रकाशकाला नेमकं काय आणि कसं पाठवायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची. माहेर जुन्या नाशकात भांडी बाजाराला लागून, आता इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. १९६९ च्या पुरात आमच्या वाड्याचा तळमजला पाण्यात गेला होता आणि आजोबांचं दुकान पण. पितळी घागरी तरंगत दाराबाहेर गेल्या आणि आजोबा जिन्यावर बसून नुसते बघत राहिले असं आई सांगायची. २०१९ ला आई गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टात सराफ बाजारात परत पाणी शिरलं. तेव्हा वाटलं की हे सगळं ज्यांनी पाहिलंय ती माणसं एकेक करून चालली आहेत, आता लिहून ठेवलं नाही तर राहूनच जाईल.

तर गेली साडेचार वर्षं ३८ जणांशी बोलले. घाटावरचे गुरुजी, फुलवाल्या, भांडी बाजार आणि कापड पेठेतले दुकानदार, महापालिकेतून रिटायर झालेले दोघे, २००८ च्या पुरात लोकांना बाहेर काढणारी गंगावाडीकडची पोरं (ती पण आता चाळिशीत आलीत). आपल्याकडे पूर कसा मोजतात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे, म्हणजे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, मग नारोशंकर मंदिराची घंटा, मग सरकारवाड्याच्या पायऱ्या. धरणातून किती क्युसेक सोडलं ते रेडिओवर सांगतात पण जुनी माणसं अजून मारुतीकडेच बघतात.

एकूण ७१ हजार शब्द झालेत. आता पुढे काय ते कळत नाहीये. अख्खं बाड पाठवायचं की थोडं? एका वेळी एकाच प्रकाशकाकडे की चार-पाच जणांकडे? मी काही श्री-लिपीत टाइप केलंय, काही मोबाइलवर बोलून टाइप केलंय, ते चालेल का? जुन्या पेपरातले १९६९ चे फोटो घेतलेत आणि सुरुवातीला कुसुमाग्रजांची पुरावरची ती कविता पूर्ण टाकलीय, त्याला परवानगी लागते का? आणि मुख्य म्हणजे एका प्रकाशन संस्थेचा फोन आला, मी फक्त चौकशीचा मेल केला होता, त्यांनी न वाचताच "उत्तम विषय आहे, ८५ हजार भरा, तीन महिन्यांत पुस्तक हातात" म्हणून सांगितलं. मिस्टर म्हणतात देऊन टाक, आयुष्यात एकदाच करतेयस. मला काही ठरवता येईना. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.


नाशिकरोडकर

ताई, सगळ्यात आधी ते ८५ हजार कुणाला देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

माझी दोन पुस्तकं आलीत, दोन्ही माहितीपर. पहिलं २०१४ ला असंच पैसे भरून काढलं, ६० हजार दिले, ५०० प्रती ठरल्या होत्या. प्रकाशन समारंभ झाला, हार-तुरे झाले, आणि महिन्याभराने टेम्पोतून ३४० प्रती माझ्या घरी आल्या. दुकानात ठेवायची जबाबदारी त्यांची असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, मी पण विचारलं नव्हतं. ज्याने पुस्तक वाचलेलंच नाही त्याला ते विकायची तळमळ कुठून असणार? त्याचे पैसे तर तुमच्याकडूनच आधी वसूल झालेले असतात. दुसरं पुस्तक मात्र पुण्यातल्या एका चांगल्या प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने काढलं, मला एक रुपया लागला नाही, उलट छापील किमतीच्या १० टक्के रॉयल्टी ठरली आणि ती वर्षाला हिशोबासकट येते. रक्कम फार मोठी नसते पण हिशोबाचा कागद येतो याचंच फार बरं वाटतं.

आता एक खरं सांगायला हवं, काही जुनी नावाजलेली मंडळी सुद्धा विषय मर्यादित वाचकांचा असेल तर "तुम्ही शंभर-दीडशे प्रती सवलतीत विकत घ्या" असं म्हणतात. ते आणि हे एकच नाही. तिथे पुस्तक वाचून, निवडून, संपादन करून मग तो विषय निघतो. फोनवरच आकडा सांगणारा वेगळा.

कुणाला पाठवायचं याचं उत्तर पुस्तकांच्या कपाटातच मिळतं. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जा (तुम्ही मेंबर असालच), तुमच्यासारखी पुस्तकं काढा, म्हणजे शहरांवरची, नदीवरची, दुष्काळावरची, माणसांच्या आठवणींची, आणि पहिल्या दोन-चार पानांत प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो ते वहीत लिहून घ्या. मागच्या पाच-सहा वर्षांत आलेलीच बघा. राजहंस, समकालीन, मनोविकास, रोहन, ग्रंथाली अशी नावं परत परत दिसतील. दहा जणांना सरसकट मेल टाकण्यापेक्षा हे चार तास घालवलेले परवडतात. मी पहिल्या वेळी जे प्रकाशक फक्त कादंबऱ्या काढतात त्यांनाही पाठवलं होतं, त्यांनी साभार परत केलं त्यात त्यांची काय चूक.

एका वेळी अनेकांना पाठवलं तर चालतं, पण मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा. अख्खं बाड मात्र एकाकडेच, ज्याने मागितलं त्याच्याकडे. आणि एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. हे क्षेत्र फार छोटं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.


प्रूफवाली

मी माहेरची पंचवटीची, आता पुण्यात. बारा वर्षं मुद्रितशोधन करतेय आणि मधली काही वर्षं एका प्रकाशनासाठी आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचं काम केलंय. (टाइप केलेलं असलं तरी सगळे हस्तलिखितच म्हणतात.) त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगते.

आठवड्याला किती बाडं यायची ते सांगून घाबरवत नाही, पण वाचणारा माणूस एकच असतो आणि तोच प्रूफंही बघत असतो. त्यामुळे पहिला मेल असा हवा की त्याला पाच मिनिटांत कळेल की हे पुस्तक काय आहे. एक पानभर पत्र: पुस्तक कशाबद्दल, किती शब्द, कोण वाचेल, आणि हे तुम्हीच का लिहिलंय. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने सोडून देतात. तुमच्या बाबतीत तो सगळ्यात भक्कम आहे, वाडा तुमचा बुडालाय आणि ३८ माणसांशी तुम्ही बोललायत, हे दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यासोबत प्रकरणांची यादी, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी. आणि नमुन्याची दोन प्रकरणं. कादंबरीची पहिली दोन द्यावी लागतात, माहितीपर पुस्तकाला तसं बंधन नाही, जी सगळ्यात दमदार आहेत ती द्या.

आता मला सांगा, तुमचं पहिलं प्रकरण काय आहे? मी अंदाज करते, गोदावरीचा उगम?

शब्दांबद्दल: डेमी आकारात (पुस्तकाचा नेहमीचा आकार) पानाला साधारण ३०० शब्द धरा, म्हणजे ७१ हजाराची २३५-२४० पानं, वर फोटो. छपाई १६ पानी फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकदम १६ पानं) चालते, म्हणजे २४० पानं म्हणजे बरोबर १५ फर्मे. फर्मे वाढले की किंमत वाढते आणि नवीन लेखकाचं पुस्तक महाग झालं की प्रकाशक कचरतो. म्हणून मला वाटतं ६० हजारावर आणता आलं तर बघा. बोलून टाइप केलेल्या मजकुरात पाल्हाळ हमखास असतो, त्यातच दहा हजार निघतील.

फॉन्टचं तर मनापासून सांगते, सगळं युनिकोडमध्ये आणा, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसतं. श्री-लिपीची फाइल ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि कन्व्हर्टरमधून काढलं की र्‍या, ऱ्ह, ॲ, रफार यांची वाट लागते. कन्व्हर्ट केल्यावर पानन् पान स्वतः वाचा. वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ दोन्ही द्या, पानांना नंबर द्या, तुमचं नाव आणि मोबाइल फाइलच्या आत पहिल्या पानावर पण लिहा, कारण मेल आणि फाइल वेगळ्या होतात. फाइलचं नाव "नवीन फायनल ३" असं नको. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ साइझमध्ये. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईला उपयोगाचा नसतो.

आणि मोठ्या माणसाची प्रस्तावना मिळवण्यामागे आत्ताच लागू नका. पुस्तक स्वीकारलं गेलं की प्रकाशकच ठरवतो.


सिन्नरकर

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. मी माझं पुस्तक स्वतःच काढलं, आमच्या भागातल्या पाण्यावर आणि विहिरींवर, ३०० प्रती डिजिटल छपाई, आणि दीड वर्षात संपल्या, नंतर परत २०० काढल्या. प्रकाशकाकडे ८ महिने वाट बघितली होती, दोघांचं उत्तरच आलं नाही, एकाने "विषय स्थानिक आहे" असं कळवलं. स्थानिक आहे म्हणूनच तर लिहिलं! ताईंचं पुस्तक घेणारा माणूस नाशकात आहे, पुण्या-मुंबईत नाही, आणि वितरकाला चाळीस-चाळीस टक्के सूट देऊन नाशकात किती प्रती येणार?

फक्त स्वतः काढणं म्हणजे ८५ हजार वाल्याला देणं नव्हे. मी प्रेसवाल्याला छपाईचे वेगळे, मुखपृष्ठ करणाऱ्या पोरीला वेगळे, मुद्रितशोधनाचे वेगळे पैसे दिले, प्रत्येकाचं बिल घेतलं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावाने पण मिळतो आणि त्याला फी नाही. मला एकाने त्याचेच ५ हजार सांगितले होते. कष्ट मात्र भरपूर आहेत, गठ्ठे बांधून पोस्टात मीच जायचो, शाळांमध्ये, ग्रामपंचायतीत, लग्नात सुद्धा पुस्तकं घेऊन गेलोय. वाचून एक म्हातारे गृहस्थ वडांगळीहून एसटीने भेटायला आले, त्यांच्या विहिरीची गोष्ट राहिली म्हणून. ती दुसऱ्या छपाईत घेतली.


नाशिकरोडकर

@सिन्नरकर दादा, तुमचं पटतं, पण तुम्ही फिरू शकलात. ताई नोकरी करतात. आणि संपादन? माझ्या दुसऱ्या पुस्तकाला संपादक मिळाला तेव्हा मला कळलं की पहिल्यात काय काय राहून गेलं होतं. त्याने माझी दोन प्रकरणं उडवली, आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, आणि नंतर वाचलं तर त्याचंच बरोबर होतं.


सिन्नरकर

संपादनाचं मान्य, तिथे माझं पुस्तक कमी पडलं. म्हणून मी म्हणेन की आधी सहा-आठ महिने प्रकाशकांकडे प्रयत्न करा, नाहीच जमलं तर हा रस्ता आहेच.


ग्रंथपाल_नाशिक

दोन-तीन गोष्टी राहिल्यात त्या सांगतो.

कविता: परवानगी लागेल. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, ती ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. तात्यासाहेब (कुसुमाग्रज) १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क आहेत. एखाद-दोन ओळींवर चर्चा करताना त्या उद्धृत करणं वेगळं आणि पूर्ण कविता सजावटीसारखी सुरुवातीला छापणं वेगळं. परवानगी मागायची तर प्रकाशक ठरल्यावर मागा, तो मदत करतो. आत्ता पाठवताना कविता काढून टाकलीत तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही असं मला वाटतं.

फोटो: २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही फोटो काढणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं (त्याआधी प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती), म्हणजे १९६९ च्या फोटोंना निदान २०२९ संपेपर्यंत. त्या वर्तमानपत्राला लेखी पत्र द्या, तारीख आणि पान नंबरसकट. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे जुन्या नाशकातल्या घरांतले अल्बम. लोकांनी पाणी ओसरल्यावर फोटो काढून ठेवलेत, फोटो काढणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची सही घ्या, आणि ते फोटो आजवर कुणी पाहिलेलेही नसतील.

मुलाखती: ३८ जणांकडून "माझं म्हणणं नावासह छापायला हरकत नाही" असं एक ओळीचं सहीचं पत्र घ्या. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना तो मजकूर निदान वाचून दाखवा. आणि कुणी कुणावर आरोप केला असेल, पुरात अमक्याने माल पळवला वगैरे, तर ती नावं काढा. प्रकाशक हे विचारतोच.

आणखी एक, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. साधारण वर्षाच्या सुरुवातीला जाहिरात येते. नियम त्या वर्षीचे नीट वाचा, कारण साहित्यप्रकार आणि पानांची मर्यादा ठरलेली असते आणि तुमचं पुस्तक त्यात कुठे बसतं ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

करार झाला तर मुदत लिहिली आहे का बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याची मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलं असेल तर तेच चालतं, म्हणून सही करण्याआधी वाचा. "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ असेल तर थांबा. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ हे वेगवेगळे मोजून घ्या. तुमच्या पुस्तकाचं इंग्रजी किंवा हिंदी होऊ शकतं, विषयच तसा आहे.


गोदाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री मिस्टरांना पण वाचून दाखवलं. ते ८५ हजाराचं आम्ही नको कळवलं. लगेच ६५ वर आले.

@प्रूफवाली ताई, हो, पहिलं प्रकरण ब्रह्मगिरी आणि उगमच आहे. गौतम ऋषींची कथा, १४६५ किलोमीटरचा प्रवास, मग नाशिक. मला वाटलं होतं की नदीवरचं पुस्तक आहे तर नदीपासूनच सुरुवात करायला हवी. ते काढायचं का? त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वाचन केलंय.


प्रूफवाली

काढा असं नाही म्हणत, पण पहिलं नको. उगमाची माहिती वाचकाला शाळेपासून असते, आणि अभिप्राय देणाऱ्याने ती त्या महिन्यात आणखी दोन बाडांत वाचलेली असते. तुमचं वाचन वाया जाणार नाही, ते पुढे दोन-दोन ओळींत जिथे लागेल तिथे येईल. तुम्ही वर लिहिलंय ना, आजोबा जिन्यावर बसून बघत राहिले, ते पुस्तकात कुठे आहे?


गोदाकाठची

सातव्या प्रकरणात. त्यात पाणी ओसरल्यानंतरचं आहे. वाड्यातला गाळ काढायला अकरा दिवस लागले होते, आणि गाळातून शेजारच्यांची भांडी निघायची, प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असायचं त्यामुळे ज्याची त्याला नेऊन द्यायचे. आजी संध्याकाळी कंदील घेऊन नावं वाचायची आणि आई, तेव्हा नऊ वर्षांची, ती पोहोचवायला जायची. तिला त्यामुळे अख्ख्या गल्लीतल्या बायकांची माहेरची नावं पाठ झाली होती, कारण रुखवतातल्या भांड्यांवर माहेरचंच नाव असतं. आमच्या घागरींपैकी दोन परत आल्या, एक तपोवनाकडे सापडली होती.


प्रूफवाली

ताई, हे पहिलं प्रकरण आहे. यात पूर आहे, भांडी बाजार आहे, गल्ली आहे, तुम्ही हे का लिहिताय ते पण आहे, वेगळं मनोगत लिहायची गरज नाही. नमुना म्हणून हे द्या आणि दुसरं ते मारुतीवरून पूर मोजण्याचं. पत्रात सुद्धा पहिली ओळ घागरींचीच.


नाशिकरोडकर

वाचताना अंगावर काटा आला. हे एक प्रकरण दिवाळी अंकाला पण पाठवा ताई. बरेच अंक जून-जुलैपर्यंत मजकूर मागतात, आणि प्रकाशक दिवाळी अंक वाचतात. पत्रात "यातलं प्रकरण अमुक अंकात आलंय" लिहिता आलं तर फरक पडतो. माझ्या दुसऱ्या पुस्तकाचं तसंच झालं होतं. आणि पाठवल्यावर निदान दोन महिने फोन करू नका, मग एकदा करा, शांतपणे. चार-सहा महिने लागतातच.


सिन्नरकर

ती परत आलेली घागर अजून आहे का घरी? असली तर तिच्यावरच्या नावाचा फोटो चांगल्या कॅमेऱ्याने काढून ठेवा, मुखपृष्ठाला उपयोगी येईल. परवानगीचा पण प्रश्न नाही, घरचीच आहे.


गोदाकाठची

आहे ना. भावाकडे आहे, पंचवटीत, तुळशीपाशी ठेवलीय. रविवारी जाते.